पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

सदरच्या त्या दुकानात आम्ही गेलो
बंदी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात,
भर दुपारी, कारण दुपारी नागपुरात
ओळखीचं कुणी रस्त्यावर नसतं.
हेमराजने डोक्यातोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला,
मी ओढणी. आत शिरलो
तर दोघंही दरोडेखोर.

काउंटरवरचा पोरगा आमच्या केतकीएवढा.
म्हणाला, काकू, गिफ्ट द्यायचं आहे का कोणाला?
हेमराज खाकरला,
कोराडीच्या राखेत सव्वीस वर्षं काढलेला माणूस खाकरतो तसा.
मी म्हटलं, आम्हालाच. दोन.

दिवसाला किती ओढता?
दहा, हेमराज म्हणाला.
सोळा, मी म्हटलं.
अन् हिच्या सात, तो म्हणाला, काचेकडे बघत.
मला वाटायचं त्याला चारच ठाऊक आहेत.

पोराने रुखवतासारखं सगळं मांडलं.
हे पेनासारखं, एकच बटण, काही करावं लागत नाही.
हे डबीसारखं, टाकी मोठी,
पण याची कॉइल बदलावी लागते.
कॉइल म्हटल्यावर हेमराजचा चेहरा उजळला.
त्याला उघडता येणारी वस्तू लागते.
मला नको होती. घरात एक कूलर आहे,
एक स्कूटर आहे, एक सासरे आहेत.
पुरे.

चव? पोरगा म्हणाला, संत्रं मस्त चालते.
आम्ही एकदमच हसलो.
अरे बाप्पा, काटोलच्या मावशीकडची पेटी
सोलायचा कंटाळा येतो आम्हाला,
अन् चीनचं संत्रं पैसे मोजून हुंगायचं?
त्याने पुदिना घेतला. मी साधी तंबाखू,
मला सोडायची होती, सजवायची नव्हती.

निकोटिन किती, यावर मात्र वाजलं.
पोरगा सांगत होता, आधी जास्तीचं घ्या,
कमी पडलं की माणूस परत ठेल्यावर जाते.
हेमराज म्हणे, कमीच दे बे, होऊन जाते.
(चौथ्या दिवशी ठेल्यावर गेला.
पुढच्या बुधवारी जास्तीचं आणलं, मुकाट्याने.)

पहिल्या रात्री गच्चीवर,
झिंगाबाई टाकळीची सगळी घरं कूलरच्या आवाजात,
तिकडे चिमणीवरचे लाल दिवे,
खाली सासरे गुल घासून झोपलेले.
त्याने त्याचं बटण दाबलं. मी माझं.
त्याचा धूर मोठा, माझा जेमतेम.
बोलण्यासारखं होतं बरंच. कुणी बोललं नाही.

लक्षात यायला मला दोन-तीन रात्री लागल्या.
एक काडी असायची आधी.
तो ओंजळ करायचा वाऱ्याच्या अंगाला,
आधी माझी पेटवायचा, मग स्वतःची,
आणि तेवढ्यापुरतं त्याचं तोंड
माझ्या तोंडाच्या वीतभर अंतरावर यायचं.
एरवी दिवसभर कुठे यायचं?
कुठलं घ्यावं, कुठलं गळतं, किती दिवस पुरतं,
सगळं सांगितलं त्या पोराने.
हे त्याला कसं ठाऊक असणार.

चार्जर मात्र एकच निघाला चांगला.
त्यावरून पाळ्या लागल्या, भांडणं लागली,
माझं भरलं की काढून त्याचं लावायचं,
रात्री दोनला उठून. लावायचे मी.

मग बंदी आली. दोन्ही आता ड्रॉवरमध्ये,
बंद पडलेल्या थर्मामीटरशेजारी.
हेमराजची सुटली, असं तो म्हणतो.
माझी सातावरून महिन्यातून एकीवर,
केतकीचा फोन येऊन गेला की.

परवा गॅसचा लायटर बिघडला.
त्याने आगपेटी काढली, काडी ओढली,
आणि मी हातातली कणीक तशीच ठेवून
पुढे झुकले.
काऊन, तो म्हणाला.
काही नाही, म्हटलं.
काडी जळत बोटापर्यंत आली तरी
त्याने ती बर्नरकडे नेली नव्हती.